पायथ्याची दोरी

वाळूज,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय नौशीन,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते उलटंसुलटं करशील आणि मग जुनेदभाईंना विचारशील की आजच्या जमान्यात पत्रं कोण लिहितं. मी लिहिते. कारण फोनवर मी आपल्या शेडचा विषय काढला की हैदराबादचं नेटवर्क हमखास जातं. भाच्यांचा अभ्यास आणि तिथल्या चहात दूध किती घालतात यावर मात्र ते तासभर ठणठणीत असतं. पत्राला हा रोग नाही. इथं तुला मला मध्येच तोडता येणार नाही. फार तर फाडशील, पण तेही तुझ्याच्यानं होणार नाही. पॉलिटेक्निकात असल्यापासून बघतेय, चुकलेलं ड्रॉइंगसुद्धा तू घडी घालून ठेवतेस.

खंडेनवमी पार पडली. आपल्या गल्लीचं तुला ठाऊकच आहे. वर्षभर कोण काय बनवतंय याचा पत्ता लागू देत नाहीत, आणि त्या एका दिवशी सगळी शटरं सताड उघडी. लेथला झेंडूचा हार, वेल्डिंग मशीनला हळदीकुंकू, प्रत्येक गाळ्यात पेढे आणि प्रत्येक गाळ्यात तोच प्रश्न, “यंदा नवीन काय केलं?” माझी आई देवगाव रंगारीहून मुद्दाम आली होती. तिनं लेथची पूजा केली, ड्रिलची केली, आपल्या अद्रक धुवायच्या मशीनची केली, आणि मग कोपऱ्यातल्या तुझ्या अम्मींच्या बाजेपाशी जाऊन चारही पायांना बोट लावलं. मी म्हटलं, आई, ही बाज आहे. तर म्हणते, “माहितीय मला. पहिलं अवजार तेच हाय तुमचं.” आशाबाईंशी वाद घालायची माझी टाप नाही. बाजेवर मी सध्या दुपारचा डबा खाते, पण बसताना कडेला बसते, मधे नाही.

खंडेनवमीचं नाव काढलं म्हणून तू आता पान उलटायला लागली असशील. उलटू नकोस. ती एक खंडेनवमी आपण दोघींनी इतकी वर्षं गालिच्याखाली सरकवून ठेवलीय, आज तिच्याबद्दल बोलायचंच आहे. तेव्हा आपलं मशीन नुकतं फिरायला लागलं होतं. खोदलेल्या अद्रकीची माती आणि मुळ्या काढता काढता देवगावातल्या बायकांच्या बोटांची सालं जायची, आणि ब्रशच्या मशीनमध्ये टाकली तर अद्रकीचीच साल जायची. साल गेलेली अद्रक काळी पडते आणि व्यापारी नाक मुरडतो. तेव्हा आपण लोखंडी जाळी काढून दोरीनं विणलेला ड्रम केला, बाजेसारखा. माती दोरीतून खाली, गड्डा धक्का न लागता वर. पहिला घाणा धुऊन निघाला तेव्हा तुझ्या कारभारीचाचांनी, म्हणजे आमच्या दादांनी, एक गड्डा शर्टाला पुसून तसाच दातानं तोडला होता आणि डोळ्यांत पाणी आलं तरी चावत राहिले होते. अद्रकीमुळं की लेकीच्या अभिमानामुळं, ते अजून सांगत नाहीत.

अशी गोष्ट खंडेनवमीला झाकून ठेवायची असते हे आपल्याला कोण सांगणार? मीच अख्ख्या गल्लीला बोलावलं, दादांनी गावाकडून जीप भरून माणसं आणली, आणि तू व्हिडिओ काढलास. मागून तुझाच आवाज, “देखो भाऊ, एक भी साल निकली क्या? नक्को शक करू, हात लगाके देखो!” संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अद्रकवाल्यांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला आणि आपण दोघी हवेत. घरात मूल झालं की पेढे वाटतात. आधी जन्मदाखला काढून मग पेढे वाटणारी माणसं आपण नाही आणि आपल्या आजूबाजूचीही नाहीत.

पुढं कडुबाच्या उद्घाटनाचं आमंत्रण आलं, आठवतंय? कन्नड रस्त्यावरचा कडुबा मिस्त्री, ट्रॉल्या बनवणारा. नारळ आणि पत्रिका घेऊन स्वतः आला होता. आपण गेलो तर त्याच्या शेडमध्ये आपलंच मशीन, फक्त हिरव्या रंगाचं. आणि तो बिचारा आपल्याला पहिल्या रांगेत बसवून, शाल घालून सगळ्यांना सांगतोय, “या ताईंचंच बघून बनवलंय बरं का. ताई, काही कमीजास्त असंल तर सांगा.” त्याच्या मनात तसूभर पाप नव्हतं. चांगलं दिसलं की शिकून घ्यायचं, आणि ज्याच्याकडून शिकलो त्याला शाल घालायची, एवढंच त्याला माहीत. तू तर त्याहून शहाणी. त्याची बेअरिंग तिरकी बसलीय हे तू त्याला दाखवलंस, पाना मागवलास आणि ओढणी खोचून ती सरळ करून दिलीस. परतीच्या वाटेवर मी चिडले होते आणि तू म्हणत होतीस, “आवाज करत होती गे, राहवलं नाही.”

त्यानंतर आपण उस्मानपुऱ्यातल्या त्या पेटंटवाल्या वकीलबाईंकडे गेलो. साड्यांच्या दुकानावरचं ऑफिस, अरुंद जिना. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हे आधी कुणाला दाखवलंय का? आणि आपण दोघी एका सुरात, छाती फुगवून, “सगळ्यांना!” बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी आपल्याला शाळेतल्या पोरींसारखं समजावलं. यंत्राला जे नाव देता त्याचा हक्क वेगळा, त्याच्या रूपाचा वेगळा, त्याच्या माहितीपुस्तकातल्या मजकुराचा वेगळा, आणि त्यातली जी नवी युक्ती आहे तिचा वेगळा. या शेवटच्याला पेटंट म्हणतात आणि त्याची अट अशी की अर्ज करायच्या आधी ती युक्ती जगासमोर आलेली नसावी. तुम्ही ती स्वतःच्या हातानं जगाला देऊन आलात, आता जगाकडून परत मागता येत नाही. असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर तो व्हिडिओ लावला. खोलीभर तुझा आवाज घुमला, नक्को शक करू, हात लगाके देखो. जिना उतरताना तू गप्प झालीस, ती कुठंतरी आजपर्यंत गप्पच आहेस.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. नौशीन, ते तुझ्यामुळं गेलं नाही. तू व्हिडिओ काढला नसतास तर जीपमधल्या माणसांनी काढला असता, आणि कुणीच काढला नसता तरी कडुबानं डोळ्यांनी बघून घेतलं असतं. मला त्या दिवसाचा राग कधीच आला नाही. मला राग येतो तो तुझ्या त्या गप्प बसण्याचा, कारण त्यात तू एकटीनंच सगळं पदरात घेतलंस आणि मला हातही लावू दिला नाहीस.

आणि खरं सांगू का, त्या दिवशी गेलं ते अर्धंच होतं. हंगाम सुरू झाला तशी आपली दोरी पाण्यानं सैल पडायला लागली. दोन दिवसांत ड्रमला झोळ, आणि झोळातून अद्रक खाली चिखलात. कडुबाच्या मशीनचंही तेच. सगळा ड्रम उसवून पुन्हा विणायचा, तोवर शेतकरी उंबऱ्यावर बसून शिव्या देणार. त्याच दिवसांत अम्मी आजारी पडल्या आणि बाजेवरून उठेनाशा झाल्या. मी बघायला आले होते, आत चहा टाकत होते. बाहेरून अम्मींचा हुकूम ऐकू आला, “बाज ढिल्ली पड गई गे बेटा, जरा खेंच.” तू रोज सकाळी करायचीस तेच करायला घेतलंस. बाजेचा विणलेला भाग आणि पायथ्याचा दांडा यांच्यात जी वेगळी दोरी असते, ती एकेक करून ओढायची, की वरची सगळी विणाई आपोआप ताणते. विणाईला हातसुद्धा लावावा लागत नाही. मी कप घेऊन बाहेर आले तर तू दोरी हातात धरून तशीच उभी. अम्मी ओरडल्या, “खेंचती क्या खड़े-खड़े तमाशा देखती?” तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी जन्मात विसरणार नाही. चहा आपण तसाच ठेवला आणि अम्मींच्या औषधाच्या डब्यावर आकृती काढली. ड्रमच्या एका टोकाला सुटं कडं, कडं आणि ड्रमची कड यांच्यात पायथ्याची दोरी, बाहेर एकच हँडल. हँडल फिरवलं की अख्खा ड्रम ताठ. मी त्याला चालतं केलं एवढंच. कडं वळवलं, वेल्डिंग केलं, हँडल उलटं फिरू नये म्हणून खाच केली.

त्या उन्हाळ्यात अम्मी गेल्या. शेवटपर्यंत त्यांची पाठ ताठ बाजेवर होती, हे मला नेहमी आठवतं आणि बरं वाटतं.

त्यानंतरची खंडेनवमी तू विसरली असशील, कारण तेव्हा तू कशातच नव्हतीस. अर्ज अजून लिहून व्हायचा होता आणि गल्लीची शटरं उघडी. तू काहीएक न बोलता अम्मींची चादर आणलीस आणि मशीनवर टाकलीस. अख्ख्या गल्लीत झाकलेलं मशीन एकच. लोक येऊन चादरीभोवती फिरून जायचे, आणि पलीकडच्या गाळ्यात बातमी अशी की पोरींनी विमान बनवलंय. आईनं मात्र चादरीवरूनच हळदीकुंकू वाहिलं. मी म्हटलं, अगं, चालेल का? तर म्हणाली, “देव काय चादरीतून बघत नाय व्हय?” तुझी चादर डागाळली म्हणून नंतर तीच हळहळत होती. तुला त्या दिवशी खूप दिवसांनी हसताना बघितलं. मग अर्ज गेला. युक्ती कुणाची या रकान्यात तुझं नाव आधी, माझं नंतर, आणि हक्क दोघींचा. सही करून तू आठवड्याभरात हैदराबादला भावाकडे गेलीस. बाज टेम्पोत मावत नाही म्हणालीस. टेम्पो अर्धा रिकामा होता, मी बघितला होता.

आता इकडची बातमी. पेटंट मिळाल्याचं मी तुला कळवलं होतं आणि तू त्यावर एक अंगठा पाठवला होतास. एवढ्या मोठ्या गोष्टीला अंगठा! अर्जदारांत बाई असेल तर तपासणी लवकर मागता येते, आणि आपण तर दोघी, म्हणून ते वकीलबाईंनी झटपट आणून दिलं. त्यानंतर अवजारं बनवणारी एक मोठी कंपनी आली. त्यांचे विश्वजीत साहेब चांगला माणूस आहे, बोलतो मऊ, ऐकून घेतो. त्यांना ताणायच्या त्या कड्याचा परवाना हवाय, म्हणजे लायसन्स. त्यांचा पहिला मसुदा मी गावी नेऊन दादांना वाचून दाखवला. सर्व हक्क, कायमस्वरूपी, असं काहीसं आलं तसे दादा सुपारी कातरायची थांबले. म्हणाले, “बटईनं शेत मागितलं तर देऊ. हे तर सातबाराच मागायलेत की.” दादा प्रत्येक गोष्ट शेतात नेऊन उभी करतात, तुला माहीत आहे, परवा आईच्या चष्म्याच्या नंबराचंही त्यांनी तसंच केलं. पण या वेळी गाडी बरोबर बांधावर थांबली. वकीलबाईही तेच म्हणाल्या. परवाना म्हणजे वापरायला देणं, किती वर्षं, कुठल्या भागात, काय अटींवर ते आपण ठरवायचं, मालकी आपल्याकडेच. हक्क लिहून देणं म्हणजे विकणं. दोन्हींचे कागद दिसायला सारखेच असतात.

तेव्हापासून त्यांच्याशी माझी रस्सीखेच चालू आहे. बरंच जमलं. ठरावीक वर्षं, मालाची तपासणी आपल्याला करता येईल, आणि कडुबाला त्याच्या भागापुरतं ते कडं बनवायची मोकळीक राहील, हे मी हट्टानं घालून घेतलं. अर्ज होईपर्यंत आपण त्याच्यापासून लपवलं तेव्हा तुला किती जड गेलं होतं ते मी बघितलंय. आता तो दर पंधरवड्याला येतो आणि “नौशीनताई कवा येणार?” विचारून जातो. हा करार मला हवाय, खोटं कशाला बोलू. तो झाला तर गाडीच्या सुट्या भागांच्या जॉबवर्कसाठी लोकांच्या दारात उभं राहणं संपेल, बाजूचा गाळा घेता येईल, आणि आपलं दुसरं काहीतरी सुचायला डोकं रिकामं राहील.

यात मधेच आईचं एक सांगते. मी लहान असताना आईचे वडील वारले, तेव्हा मामा तिला आणि मावश्यांना तालुक्याला घेऊन गेले. हक्कसोडपत्र. आपल्याकडे बहिणी वडलांच्या शेतातला वाटा भावाला सोडून देतात, हसतमुखानं, नाहीतर माहेर तुटतं. कुणी जोर केला नाही, कुणी ओरडलं नाही. सही झाली, मामींनी पुरणपोळी केली, आई नवं लुगडं नेसून परत आली. मी कित्येक दिवस त्या लुगड्याच्या काठाला हात लावून बघत होते. फक्त एक झालं. त्याआधी आई तिकडच्या आंब्याला “आमचा आंबा” म्हणायची. नंतर “भाऊचा आंबा” म्हणायला लागली, आणि लोणच्याच्या कैऱ्या मागून आणायला लागली. मामांनी कधी नाही म्हटलं नाही. पण आई कधी आपणहून झाडाखाली गेली नाही.

परवा विश्वजीत साहेब खुशीत येऊन म्हणाले, मॅडम, अडचण सुटली. दोन मालकांचं पेटंट म्हणजे दोघींच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही, कंपनीला एकच नाव असलेलं सोयीचं, म्हणून त्यांनी परस्पर तुला फोन केला होता. आणि तू म्हणालीस, भेज दो कागज, मैं साइन कर देतूं, वो तो मेरी अम्मी की बाज थी, मेरा क्या उसमें. ते तुझं वाक्य त्यांनी कौतुकानं जसंच्या तसं ऐकवलं, आणि मी उठून शेडबाहेर जाऊन उभी राहिले. तो कागद एकदोन दिवसांत तुझ्याकडे येईल. त्यावर इंग्रजीत भारदस्त नाव असेल, पण ते हक्कसोडपत्रच आहे, आणि ते पोचायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून लिहायला बसले. त्यावर सही करू नकोस. मीही माझ्या करारावर केलेली नाही. साहेबांना सांगितलंय की दोन नावं असतील तर परवाना, नाहीतर राहू दे, दुसरं कुणी येईल किंवा येणार नाही. बाज सगळ्यांच्या घरी होती, नौशीन. पायथ्याची दोरी सगळेच ओढत होते. ती हातात धरून थांबलीस तू एकटी, आणि जे तुझ्या हातून गेलं असं तुला वाटतं, त्याहून मोठं तू त्याच हातांनी आणलंस. माझ्या आईला त्या दिवशी कुणीच सांगितलं नव्हतं की सही न करता, नुसती पुरणपोळी खाऊनही परत येता येतं. तुला मी सांगतेय. कागद आला की तसाच ठेव आणि दिवाळीच्या आत इकडे ये. अम्मींची बाज मधे पार ढिली पडलीय, आणि ती मी आजवर एकदाही ओढलेली नाही, तुझ्यासाठी ठेवलीय.

तुझीच,
प्रेरणा